टोपी घे, एवढंच

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच ठेवला. त्यानंतर आई माझ्याशी बोलली नाही, ताट वाढलं तेवढंच. म्हणून लिहितोय. बोलताना माझा आवाज चढतो.

ल्युपसच्या देणगीसाठीच्या वॉकला जाऊ नकोस असं मला म्हणायचंच नव्हतं. मे महिन्याचं ऊन एवढंच डोक्यात होतं. न्यू जर्सीचा मे म्हणजे सांगलीचा मे नव्हे, हे मान्य. पण तुझ्या ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणशक्ती शरीरावरच उलटते, त्याला बाधतात ती उन्हातली किरणं, आणि ती ढगांतूनही येतात, हे तूच मला शिकवलंस. पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाल. मोठ्या काठाची टोपी घे. क्रीम एकदा लावून भागत नाही, दर दोन तासांनी लाव.

झालं, पुन्हा तेच सुरू केलं. राहू दे.

तुझं देणगीचं पान वरच्या मजल्यावरच्या मुलाकडून उघडून घेतलं आणि तीनदा वाचलं. १९५५ मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सीक्लोरोक्विनला, म्हणजे तुझ्या रोजच्या गोळीला, परवानगी मिळाली आणि त्यानंतर ल्युपससाठी नवं औषध मंजूर व्हायला २०११ उजाडलं! माझा जन्म, शाळा, नोकरी, लग्न, तुझं बारसं, सगळं त्या मधल्या वर्षांत होऊन गेलं. आणि दहा रुग्णांत नऊ बायका. ते वाचताना नानांची बहीण आठवली. तिच्या दोन्ही गालांवर तसेच लाल चट्टे होते, सांधे धरायचे, शेवटी शेवटी पाय सुजायचे. बायकांचं दुखणं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. बत्तिसाव्या वर्षी गेली. तिला काय होतं ते आता कोण सांगणार? तिची लघवी तरी कुणी कधी तपासली असेल का?

त्यावरून आठवलं. लघवीत प्रथिनं पुन्हा दिसली हे तू आईला सांगितलंस, मला नाही. मी चिडतो म्हणून ना? सोनू, ते चिडणं नसतं गं. किडनी म्हटलं की माझे हातपाय गळतात. पुढचा रिपोर्ट मलाही पाठव. मी काही बोलणार नाही.

२०२० चा मार्च आठवतो? करोनावर चालते अशी हवा झाली आणि तुझी ती गोळी बाजारातून नाहीशी झाली होती. मी स्कूटरवर तुझी फाइल पोटाशी धरून मिरजेपर्यंत गेलो, नाक्यावर पोलिसांना दाखवली, आणि दोन स्ट्रिप घेऊन आलो. तू स्वयंपाकघरात डबीतल्या गोळ्या ओट्यावर मांडून मोजत होतीस. एकोणीस होत्या. मला बघून म्हणालीस, "बाबा, आधी पाणी प्या." त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडलो. हे आईलाही माहीत नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. पानावर तू तो बारावीतला फोटो टाकलास, स्टेरॉइडने चेहरा सुजलेला. अल्बममधून तूच काढला होतास ना तो? काकूचा लगेच फोन आला, आता स्थळं कशी येणार म्हणून. रविवारी मी तेच तुला ऐकवलं. ते माझ्या तोंडून जायला नको होतं. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांना "तिला ॲलर्जी आहे" असं सांगत आलो आणि तुला एकदाही विचारलं नाही, असं सांगू का म्हणून. काल बँकेतल्या जुन्या मंडळींना मी आजाराचं नाव घेऊन सांगितलं. नीट उच्चारताही येईना. पण सांगितलं, आणि तू त्यासाठी पैसे गोळा करतेयस हेही.

आमचे एकशे एक डॉलर त्याच मुलाच्या कार्डावरून भरलेत. नाव आईचं टाकलंय.

मध्येच दमलीस तर बस. सगळं अंतर चालायलाच हवं असा काही नियम नसेल. सकाळी सांधे आखडले असतील तर उगाच जिद्द करू नकोस... पुन्हा सुरू झालो. माफ कर.

तुम्ही नऊला निघणार ना? तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. इथलं ऊन उतरलेलं असतं. मी त्याच वेळी आमराईपर्यंत चालत जाऊन येईन. आईही येते म्हणाली.

तुझे
बाबा

ता. क. जांभळ्या टीशर्टच्या बाह्या अर्ध्या आहेत, फोटोत बघितलं. आतून पूर्ण बाह्यांचं घाल.