मॅग्निट्यूड भूकंपाचं, इंटेन्सिटी गावाची

पाटण, जि. सातारा

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर घाईघाईत विचारलंस, "आई, मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी एकच ना गं? आम्ही दोन्हीला तीव्रताच लिहितो." मी तोंड उघडेपर्यंत तुला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद. बातम्यांच्या डेस्कवरच्या माणसाने हे विचारलं याचं नवल नाही, पण पाटणच्या पोराने विचारावं? "केंद्रबिंदू हेळवाकच्या नैऋत्येला, कोयना धरणाला कोणताही धोका नाही" हे ऐकत तर तू लहानाचा मोठा झालास.

तर, एकच नाहीत. जमिनीखाली खडक सरकला, त्यातून किती ऊर्जा सुटली, त्याचा हिशेब म्हणजे मॅग्निट्यूड. तो भूकंपाचा आकडा. पाटणला मोजा नाहीतर पुण्याला, अंतराचा फरक हिशेबातच वळता केलेला असतो. इंटेन्सिटी म्हणजे एखाद्या ठिकाणी जमीन किती हलली, माणसांना काय जाणवलं, भिंतींचं काय झालं. म्हणून एकाच भूकंपाची इंटेन्सिटी हेळवाकला वेगळी, कराडला वेगळी आणि तुमच्या मुंबईत बहुतेक वेळा काहीच नाही. देवळातल्या लाऊडस्पीकरचं बटण एकाच आकड्यावर असतं, पण पुजाऱ्याच्या घरी कान किटतात आणि पलीकडच्या वाडीत नुसती गुणगुण पोचते, तसंच हे.

"पाटणला ३.१ रिश्टरचा आणि कराडला २.६ रिश्टरचा धक्का" असं वाचलं की माझा हात लाल पेनाकडे जातो. धक्का एकच असेल तर आकडाही एकच. दोन गावांचं वेगळेपण सांगायचं असेल तर ते इंटेन्सिटीत सांग.

चार्ल्स रिश्टर या अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञाने मॅग्निट्यूडची मोजपट्टी १९३५ मध्ये केली, तीही कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी. तिच्यात एक अंक वाढला की यंत्रावर उमटणाऱ्या लाटेची उंची दहापट होते आणि ऊर्जा साधारण बत्तीसपट. त्यामुळे चारनंतर पाचचा झाला तर "किंचित मोठा" असं लिहू नकोस. मोठ्या भूकंपांना आता मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात, म्हणजे खडक किती भागात आणि किती सरकला त्यावरून काढलेला आकडा, तेव्हा प्रत्येक आकड्यामागे रिश्टर चिकटवायचीही गरज नाही. (हे तुमच्या डेस्कवर कुणाला पटणार नाही, ठाऊक आहे मला.)

इंटेन्सिटीची पट्टी मर्कॅली नावाच्या इटालियन माणसाची, आपल्याकडे तिचंच भावंड, एमएसके नावाची पट्टी, वापरतात. बारा पायऱ्या, त्याही रोमन आकड्यांत, म्हणजे मॅग्निट्यूडशी गल्लत नको. दशांश चिन्ह नाहीच. भांडी आणि खिडक्या खडखडल्या तर चौथी, झोपलेली माणसं जागी झाली, टांगलेल्या वस्तू झुलल्या तर पाचवी, लोक घाबरून बाहेर पळाले, गिलाव्याला भेगा गेल्या तर सहावी. मला ही पट्टी जास्त आवडते, कारण ती माणसांना विचारून भरावी लागते.

आजीला विचार. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ती तेव्हा कोयनेकडे माहेरी होती. मांडणीवरची तांब्याची भांडी अंगावर आली, मागची दगडमातीची भिंत बाहेर कोसळली, म्हणून आतली माणसं वाचली. तिच्या थोरल्या बहिणीच्या कराडच्या घरात तेवढ्याच वेळी गिलाव्याला भेगा गेल्या, बाकी घर शाबूत. मुंबईतही लोक जागे झाले आणि कोयनेची वीज तुटल्याने अंधार झाला, तो वेगळाच. भूकंप एकच. मॅग्निट्यूड ६.३ ते ६.६, कोणत्या पद्धतीने काढला त्यावर. कोयनानगरला मात्र इंटेन्सिटी आठवीपर्यंत गेली.

त्याच्याशेजारी किल्लारी ठेवून बघ. ३० सप्टेंबर १९९३, वेळ तशीच पहाटेची, मॅग्निट्यूड ६.२, म्हणजे कोयनेपेक्षा मोठा नव्हेच. कोयनेत १८०च्या आसपास माणसं गेली, किल्लारीच्या पट्ट्यात जवळपास १०,०००. आपल्याकडे डोंगराळ भाग, वस्ती विरळ. तिकडे गावं दाट, जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि आदल्या रात्री विसर्जन करून माणसं गाढ झोपलेली. मॅग्निट्यूडच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. तरी चॅनेलवर तोच आधी झळकतो, कारण तो यंत्रातून लगेच मिळतो. इंटेन्सिटीसाठी दहा गावांत फोन फिरवावे लागतात, तेवढा दम कुणाला आहे?

आणि "फक्त ३ रिश्टर" यातलं "फक्त" काढून टाक. आपल्याकडचे धक्के फार खोल नसतात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतले. त्यामुळे तीनचा धक्काही जमिनीतून गडगडत येतो आणि म्हातारी माणसं अंगणात येऊन बसतात. तेवढ्याच मॅग्निट्यूडचा धक्का खूप खोल असता तर कुणाला कळलाही नसता.

मराठीत काय लिहायचं म्हणशील, तर "तीव्रता" इंटेन्सिटीला राखून ठेव आणि मॅग्निट्यूडला सरळ देवनागरीत मॅग्निट्यूड लिही. शुद्धीवाले ओरडले तर माझं नाव सांग.

आणि आता धक्का बसला की तू मला फोन करून "किती रिश्टर?" विचारतोस ते बंद कर. ते कोयनानगरच्या भूकंपमापन केंद्राला विचार. मला विचार, कपाटाची काच वाजली का, आजी जागी झाली का, गल्लीत किती जण बाहेर आले.

तुझी,
आई