वॉश सर, माझ्या मुलाच्या हातांसाठी आभार

आदरणीय रॉन वॉशिंग्टन सर,

आपली ओळख नाही. मी मूळचा नाशिकचा, राहतो अटलांटाजवळ. बेसबॉल मला कळू लागला तो मुलामुळे. 2019 मध्ये तो नऊ वर्षांचा होता, सेकंड बेसला, म्हणजे दुसऱ्या तळाजवळ, क्षेत्ररक्षणाला उभा राहायचा. एका सामन्यात उसळलेला चेंडू त्याच्या ओठावर बसला. त्यानंतर ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू, आला की त्याची मान आपोआप वळायची. मी घरामागच्या गवतावर त्याला क्रिकेटमधलं शिकवत राहिलो: गुडघा आडवा टाक, अंगाने अडव. भीती आणखी वाढली. ज्याची धास्ती होती, तेच मी त्याला करायला सांगत होतो.

मग अटलांटाच्या ब्रेव्हज संघाच्या सरावात तुम्ही दिसलात, एका व्हिडिओत. तुम्ही तेव्हा त्यांचे थर्ड बेस कोच होतात आणि इनफिल्डर, म्हणजे तळांजवळचे क्षेत्ररक्षक, घडवण्याचं कामही तुमचंच. मेजर लीगचे, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगचे, खेळाडू तुमच्यासमोर गुडघ्यांवर बसलेले, हातात अगदी लहान ग्लोव्ह, आणि तुम्ही थोड्याच अंतरावरून सरावाच्या हलक्या फंगो बॅटने चेंडू सोडत होतात. गुडघ्यांवर बसलं की पाय बाद. उरतात डोळे आणि हात. हात पुढे न्यायचा, चेंडू अंगापर्यंत येऊच द्यायचा नाही, मऊ हातांनी झेलायचा. माझ्या मुलाला नेमकं हेच हवं होतं. आम्ही टेनिसच्या चेंडूने सुरुवात केली, रोज दहा मिनिटं. तीन आठवड्यांनी त्याची मान वळायची थांबली.

तरी चुका व्हायच्याच. एकदा लागोपाठ तीन ग्राउंडर सुटले आणि तो गाडीत हमसून रडला. तेव्हा मी त्याला मार्कस सेमियनची गोष्ट सांगितली. 2015 मध्ये ओकलंडच्या या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या तळामधल्या क्षेत्ररक्षकाच्या) नावावर 35 एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका, लागले होते. त्याच मोसमात तुम्ही प्रशिक्षक म्हणून ओकलंडला परत आलात आणि रोज त्याच्याबरोबर बसलात. 2021 मध्ये, टोरांटोकडून खेळताना, त्याला सेकंड बेसचा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा पुरस्कार, मिळाला. ‘पस्तीस?’ मुलाने डोळे पुसत विचारलं. त्या एका आकड्याने त्याला जो धीर दिला, तो माझ्या शंभर वाक्यांनी दिला नसता.

तुमची स्वतःची वाट मी नंतर वाचली. 1970 मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सशी करार, त्यांच्या अकादमीतलं शिक्षण. 1977 मध्ये डॉजर्सकडून दहा सामने, आणि पुढचा मेजर लीग सामना थेट 1981 मध्ये, मिनेसोटाकडून. मधली वर्षं खालच्या पातळीवरच्या मायनर लीगमध्ये. मला वाटतं, तुमचा संयम तिथलाच असावा. ज्याला सगळं सहज मिळतं, तो दुसऱ्याच्या हातांकडे इतक्या बारकाईने बघत नाही. ओकलंडच्या एरिक चावेझने स्वतःचा एक गोल्ड ग्लोव्ह तुम्हाला देऊन टाकला, त्यावर तुमचं ऋण लिहून. टेक्सासला मॅनेजर म्हणून तुम्ही 2010 आणि 2011 अशी सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेला, नेलंत, दोन्हीदा हरलात. 2011 च्या सहाव्या सामन्यात तर अजिंक्यपद दोनदा फक्त एका स्ट्राइकवर, म्हणजे एका चेंडूच्या अंतरावर, येऊन हुकलं होतं. ते मी आजही पूर्ण बघू शकत नाही.

म्हणूनच 2 नोव्हेंबर 2021 ची वर्ल्ड सिरीजची रात्र मला मोलाची. ह्यूस्टन, सहावा सामना, शेवटचा आउट. चेंडू जमिनीवरून ब्रेव्हजचा शॉर्टस्टॉप डॅन्सबी स्वॅन्सनकडे गेला, त्याने तो उचलून पहिल्या तळावरच्या फ्रेडी फ्रीमनकडे फेकला आणि ब्रेव्हज जगज्जेते झाले. साधा ग्राउंडर! माझा मुलगा सोफ्यावरून उडी मारून ओरडला, ‘बाबा, वॉशचा चेंडू!’

सर, मनापासून आभार. आमच्या घरामागच्या गवतावर दोन गुडघ्यांचे टक्कल पडलेले ठसे आहेत. बायको म्हणते तिथे नवं गवत लावू या. मी अजून लावू दिलेलं नाही.

आपला कृतज्ञ,
एका सेकंड बेसमनचा बाप