‘रानडुक्कर जागीच आडवे’ अशी जाहिरात करून विकलेल्या एअर रायफलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(कंपनीचे नाव व पत्ता पावतीप्रमाणे)

विषय: दिशाभूल करणारी जाहिरात, सदोष एअर रायफल आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या गावात राहणारा कोरडवाहू शेतकरी आहे. आपल्या कंपनीकडून मी पीसीपी प्रकारची, म्हणजे नळकांड्यात आधीच दाबाने हवा भरून ठेवावी लागणारी एअर रायफल हातपंपासह विकत घेतली. तिच्यात बिघाड आहेच आणि त्याबद्दल पुढे लिहीत आहे. परंतु मुख्य तक्रार अशी की, ज्या कामाचे नाव घेऊन आपण ही वस्तू शेतकऱ्यांना विकता, ते काम तिच्याने होणे शक्य नाही आणि करू गेल्यास शेतकऱ्यावर गुन्हा दाखल होतो.

आपल्या माहितीपत्रकावर ‘पीक संरक्षणासाठी खास, ५० मीटरवर रानडुक्कर जागीच आडवे’ असे ठळक अक्षरांत छापले असून त्याच पानावर खाली ‘परवान्याची गरज नाही’ असेही लिहिले आहे. आमच्याकडे सोयाबीन आणि तुरीच्या वावरात रोही (नीलगायी) व रानडुकरे घुसतात, रात्र-रात्र जागल करावी लागते आणि झटका मशीनची तार तोडूनही कळप आत येतो, हे आपल्या विक्री विभागाला चांगले ठाऊक असावे; एरवी धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे चित्र आपण पत्रकावर छापले नसते. खरेदीपूर्वी मी आपल्या प्रतिनिधीला हे कायदेशीर आहे का, असे फोनवर विचारले होते. ‘सरकारने डुकरांना उपद्रवी ठरवले आहे, बिनधास्त वापरा’ असे उत्तर मला मिळाले.

हे उत्तर खोटे आहे. केंद्र सरकारने २०१५-१६ मध्ये अशा अधिसूचना काढल्या होत्या, पण त्या बिहार, उत्तराखंड यांसारख्या राज्यांतील ठरावीक जिल्ह्यांपुरत्या आणि मर्यादित मुदतीच्या होत्या. त्यांचा यवतमाळशी काही संबंध नाही. रायफल घरी आल्यावर, ती वावरात नेण्याआधी मी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी केली, तेव्हा मला सांगण्यात आले की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान होत असल्यास कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. अशा परवानगीवाचून प्राणी मेला नाही, नुसता जखमी झाला किंवा नेम चुकला, तरी तो शिकारीचाच गुन्हा ठरतो. आपल्या पत्रकात या परवानगीविषयी एक ओळही नाही.

आता रायफलीच्या ताकदीबद्दल. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर (नळीच्या छिद्राचा व्यास) किंवा नळीच्या तोंडाशी २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागतो. आपण परवान्याशिवाय विकलेली ही रायफल ४.५ मिलिमीटरचीच आहे आणि सोबतच्या डब्यातील छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा आहे. तो सेकंदाला २७५ मीटर वेगाने सुटला, तरी ऊर्जा २० जूलच्या आतच राहते, आणि पुढे अंतराबरोबर ती झपाट्याने घटत जाते. याच मापाचा छर्रा नेमबाजीच्या स्पर्धेत १० मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर मारतात. पूर्ण वाढलेल्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट थर असतो, तेथे हा छर्रा अडकून बसेल. रोह्याचा मोठा नर तर दोनशे किलोच्याही वर भरतो.

आपल्या व्हिडिओत परदेशातील शिकारी एअर रायफलीने हरीण आणि डुक्कर पाडताना दाखवले आहेत. तसे होते, हे मी नाकारत नाही. मात्र त्या रायफली .४५ किंवा .५० इंच बोअरच्या असतात आणि त्यांतून छर्रा नव्हे, तर शिशाची जड गोळी सुटते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मोठ्या जनावरासाठी एअर रायफल वापरायची असल्यास बोअर किमान .३० इंच आणि ऊर्जा किमान २१५ फूट-पौंड, म्हणजे साधारण २९० जूल, असावी लागते. आपली रायफल त्याच्या चौदाव्या हिश्शाइतकीही नाही. पत्रकात ऑस्ट्रियन सैन्याच्या अठराव्या शतकातील गिरार्डोनी या एअर रायफलीचा आणि ती अमेरिकेतील १८०४ च्या लुईस-क्लार्क शोधमोहिमेत असल्याचाही दाखला आहे. इतिहास बरोबर आहे, पण तिची गोळी ११ मिलिमीटरहून जाड होती. तिचा मोठेपणा आपल्या छर्ऱ्याला कसा लागू होतो, ते कृपया कळवावे.

म्हणून आपल्यापुढे दोनच उत्तरे उरतात. रायफल जाहिरातीइतकी ताकदवान असेल, तर आपण परवाना लागणारे शस्त्र विनापरवाना विकले आहे. आणि ती परवानामुक्त असेल, तर डुक्कर जागीच पडण्याचा दावा खोटा आहे. हा दावा खरा मानून कोणी छर्रा मारलाच, तर जखमी डुक्कर तुरीत दडून बसेल आणि सकाळी निंदणाला आलेल्या बायांच्या अंगावर जाईल. तेव्हा आपले पत्रक कोणाच्या उपयोगी पडणार?

बिघाडाविषयी थोडक्यात सांगतो. २०० बार (हवेच्या दाबाचे एकक) दाबापर्यंत भरलेली हवा रात्रभरात निम्म्याच्या खाली येते आणि दाबमापकाच्या जोडापाशी साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे दिसतात. सेवा केंद्राने ‘ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बदला’ एवढेच सांगितले, परंतु ती ओ-रिंग पाठवली नाही.

रायफल, पंप व छर्रे यांची पूर्ण रक्कम वाहतूक खर्चासह १५ दिवसांत परत करावी, वस्तू आपल्या खर्चाने घेऊन जावी आणि पत्रक व व्हिडिओतील शिकारीचे दावे काढून टाकल्याचे लेखी कळवावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे सुनावणी इकडच्याच आयोगापुढे होईल. पत्रकाची प्रत वनविभागालाही देत आहे.

आपला,
(नाव व पत्ता पावतीप्रमाणे)
केळापूर तालुका, जि. यवतमाळ

सोबत: पावती, माहितीपत्रक आणि गळतीची छायाचित्रे