छोट्या विमानाच्या बातमीत वाऱ्याचे आकडे छापा

महोदय,

'जोरदार वाऱ्यामुळे छोटे विमान धावपट्टीवरून घसरले', अशा चार ओळी आपल्या अंकात अधूनमधून येतात. मी बावीस वर्षे छोट्या विमानांवर उड्डाण शिकवले आणि त्याआधी वाऱ्यात एक विमान मोडलेही. त्या हक्काने लिहिते आहे.

शिकत असताना एकटीच उतरत होते. निघताना विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, लोंबत होता; वारा नव्हताच. परतताना टॉवरने सांगितले : धावपट्टी २७, वारा ३३० अंशांवरून १४ नॉट (नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी), झोत २४. धावपट्टी २७ म्हणजे तिची दिशा २७० अंश. म्हणजे वारा ६० अंशांनी उजवीकडून. त्या कोनात वाऱ्याचा सुमारे ८७ टक्के जोर आडवा लागतो, झोताला जवळपास २१ नॉट. सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यापुढे १५ नॉट लिहिलेले असते. तीही मर्यादा नव्हे. चाचणीत तेवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवले, इतकाच त्याचा अर्थ. हे गणित मला येत होते. केले नाही.

झोत आणि सरासरी यांतल्या फरकाच्या निम्मा वेग वाढवायचा, असा ठोकताळा आहे. म्हणजे ५ नॉट. मी घाबरून १५ वाढवले. मग विमान टेकेचना, धावपट्टीवर तरंगत राहिले. धीर सुटला आणि मी योक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, पुढे ढकलला. नाकाचे चाक आधी आपटले, विमान उसळले, पुन्हा आपटले. तिसऱ्या उसळीला नेमका झोत ओसरला आणि पंखाखालचा आधारच गेला. नाकाचे चाक मोडले, प्रोपेलरच्या पात्यांची टोके मागे वळली. इंजिन थांबल्यावर जायरोची, म्हणजे दिशादर्शक उपकरणांतल्या फिरत्या चक्रांची, घरघर तेवढी मंदावत ऐकू येत होती.

पहिल्या उसळीलाच पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद, देऊन वर जाता आले असते. पण हँगरपाशी चौघे बघत उभे होते, त्यांच्यासमोर पुन्हा फेरी मारायची लाज वाटली. पुढे शिकवताना बघितले, ही लाज बहुतेकांना असते, मुरलेल्यांना जरा जास्तच.

६५ नॉटने उतरणाऱ्या विमानासमोरचा वारा एकदम १० नॉटनी पडला, तर वेगाचा सहावा-सातवा हिस्सा क्षणात जातो. १४० नॉटने येणाऱ्या प्रवासी विमानाला तेवढ्याने फारसे काही होत नाही. शिवाय चाके टेकली की हात सैल सोडायची सवय असते, आणि नेमका तेव्हाच झोत वाऱ्याकडचा पंख उचलतो. एलेरॉन, म्हणजे पंख खाली-वर झुकवणारी पंखाच्या कडेची झडप, विमान उभे करून बांधेपर्यंत सांभाळायचा असतो. शेपटाखाली चाक असलेल्या विमानात तर वजन मुख्य चाकांच्या मागे असते. शेपूट जरा बाजूला सरकली की विमान गर्रकन फिरते.

म्हणून विनंती, की अशा बातमीत वाऱ्याची दिशा, सरासरी वेग, झोत आणि धावपट्टीचा क्रमांक छापा. वैमानिकाने पुन्हा वर जायचा प्रयत्न केला होता का, हेही वार्ताहराने विचारावे. माझ्या अपघाताच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात 'वारा' एवढाच शब्द होता. मी खाली मुकाट्याने सही केली होती.

— एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षिका