विटा झेलणारा पोरगा आणि आपलं क्रीडापान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईला आयओसीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक झाली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट घ्यायचं ठरलं, तेव्हापासून आपल्या क्रीडापानावर त्याचं कौतुक सुरूच आहे, असू दे, पण त्याच यादीत फ्लॅग फुटबॉल पण आलंय त्याचं नाव काही आपल्याकडे वाचल्याचं आठवत नाही. अमेरिकन फुटबॉलच ते, फक्त समोरच्याला आडवं पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढली की झालं. त्यानिमित्ताने त्या खेळातल्या एका माणसाबद्दल लिहितोय आणि त्यात इंदूरचा काय संबंध ते पुढे येईलच.

जेरी राईस. वाइड रिसीव्हर, म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहायचं, सुटायचं ते जिवाच्या आकांताने पळायचं आणि मधून क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पळता पळता झेलायचा, मागे लागलेले दोघं-तिघं अंगावर यायच्या आत. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये २० सीझन खेळला, १,५४९ कॅच, आणि ते झेलून टीमला पुढे नेलं ते अंतर २२,८९५ यार्ड, किलोमीटरमध्ये धरलं तर जवळजवळ २१, इंदूरहून महूला पोचत आलात समजा. कॅच आणि यार्डचे रेकॉर्ड अजून त्याच्याच नावावर आहेत. पण ते कुणीही सांगेल, मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

मिसिसिपीतलं क्रॉफर्ड नावाचं लहानसं गाव. वडील गवंडी, आठ भावंडं. उन्हाळ्यात पोरं बापाच्या हाताखाली कामाला, हा वर उभा आणि खालून भाऊ विटा फेकणार, कधी कधी चार-चार एकदम, त्या हवेत सुटायच्या आणि हा सगळ्या पकडायचा. हात तिथे तयार झाले असं तो स्वतःच सांगतो. आणि पाय? शाळा बुडवून भटकत होता तेव्हा मागून व्हाइस प्रिन्सिपल आले, हा असा काही पळाला की सरांनी नंतर शिक्षा तर केलीच, पण फुटबॉलच्या कोचला पण जाऊन सांगितलं की या पोराला घ्या. (आमच्या वेळी सरांनी नुसती छडी मारली असती आणि विषय संपला असता.)

त्याचा जन्म १९६२ च्या ऑक्टोबरातला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच राज्यातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीत जेम्स मेरेडिथ या पहिल्या काळ्या विद्यार्थ्याला ॲडमिशन मिळाली, त्यावरून आदल्या रात्री दंगल झाली, दोन माणसं मेली, मिलिटरी आणावी लागली. अशा राज्यातला गवंड्याचा काळा पोरगा. पुढे शाळेत उत्तम खेळला तरी पहिल्या फळीतल्या एकाही कॉलेजने स्कॉलरशिप दिली नाही, ज्या स्टार्कव्हिल गावात जन्मला तिथल्या मिसिसिपी स्टेटने पण नाही.

शेवटी गेला कुठे तर इट्टा बेना नावाच्या गावातल्या मिसिसिपी व्हॅली स्टेटला. हे कॉलेज १९५० मध्ये काळ्या मुलांसाठीच काढलेलं, पैसा कमी, टीव्हीवर मॅच क्वचितच. पण तिथे आर्ची कूली नावाचा अवली कोच होता आणि विली टॉटन नावाचा क्वार्टरबॅक, आणि कूलीने ठरवलं की बॉल हातात घेऊन पळत बसायचं नाही, फेकतच सुटायचं. १९८३ मध्ये सदर्न युनिव्हर्सिटीविरुद्ध एकाच मॅचमध्ये राईसने २४ कॅच घेतले. १९८४ मध्ये २७ टचडाउन केले, म्हणजे तितक्यांदा बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला, आणि हाइसमन ट्रॉफीच्या, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या मतदानात नववा आला, एवढ्याशा कॉलेजचा पोरगा नववा येणं म्हणजे खायचं काम नाही. आज त्या कॉलेजच्या स्टेडियमला राईस आणि टॉटन दोघांचं नाव आहे. बॉल फेकणाऱ्याचं पण नाव लावलं हे मला फार आवडलं.

आता त्याला पाहिलं कुणी? सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे कोच बिल वॉल्श ह्यूस्टनला मॅचसाठी गेलेले, रात्री हॉटेलात टीव्ही लावला आणि हायलाइट्समध्ये हा दिसला. बास. त्या सीझनला त्यांची टीम चॅम्पियन झाली म्हणून १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमांनी कॉलेजची पोरं आळीपाळीने निवडायची तिथे, त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी होता, तर वॉल्शनी आपल्या निवडी दुसऱ्या टीमला देऊन वरचा १६वा नंबर घेतला आणि राईसला उचललं. पहिल्या वर्षी त्याने सोपे सोपे बॉल सोडले, लोकांनी हुर्यो केली, तरी त्याला बसवला नाही.

म्हणजे सगळी गोष्ट कुणाच्या तरी नजरेला पडण्याची आहे, आणि ही इंदूरकरांना नवीन नाही. नरेंद्र हिरवानी गोरखपूरहून इथे आला तो गोलमटोल पोरगा, त्याच्या वडिलांची पण वीटभट्टीच बरं का, जुने क्रिकेटपटू संजय जगदाळेंनी त्याच्यातलं काहीतरी हेरलं, नेहरू स्टेडियमच्या खोलीत राहून तो शिकला आणि १९८८ मध्ये चेन्नईला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच टेस्टमध्ये १६ विकेट. ते क्रिकेट होतं आणि जगदाळे होते म्हणून झालं. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, साध्या फुटबॉलच्या पोरांचं काय?

आमच्या कॉलनीत नवीन मल्टी उभी राहतेय, तिथे झाबुआ-धारकडची पोरं दुसऱ्या मजल्यावर विटा झेलताना रोज दिसतात, एकही खाली पडत नाही. यातला प्रत्येक जण राईस आहे असलं काही मी म्हणत नाही, तो भाबडेपणा होईल, आणि खरं तर ती वयं शाळेत असायची आहेत. पण जी पोरं कॉलेजात पोचलीत त्यांना तरी ट्रायल कधी आहे ते वेळेत कळावं ना? सध्या ते कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं, ज्याचा काका त्या ग्रुपात त्याला कळतं, बाकीच्यांना ट्रायल होऊन गेल्यावर. आमच्या शेजारच्या मुलाचं असंच झालं, लांब उडी चांगली मारतो भिया, पण कॉलेजची ट्रायल मंगळवारी आटोपली आणि याला गुरुवारी कळलं.

तर माझी मागणी छोटी आहे. दर शनिवारी क्रीडापानावर एक चौकट द्या, इंदूर, देवास, धार, उज्जैनच्या ट्रायलच्या तारखा, जागा, वयाची अट, सोबत काय कागद न्यायचे आणि आंतरकॉलेज मॅचचे निकाल, खेळाडूच्या नावासकट. जागा नाही म्हणू नका, परवा एका क्रिकेटपटूच्या नव्या हेअरस्टाइलचा फोटो तीन कॉलम होता. तारखा गोळा करायला माणूस नसेल तर सांगा, मी रिटायर्ड आहे, कॉलेजांना फोन करून दर गुरुवारपर्यंत यादी तुमच्या ऑफिसात आणून देईन.

आपला,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर