एक्स-रेवरचा आकडा म्हणजे क्षयाचे निदान नव्हे

संपादक महोदय,

आरोग्यसेवेतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर सध्या बरेच लिहिले जाते. ती वाडीवस्तीपर्यंत पोचली आहे ती क्षयरोगाच्या शोधात, म्हणून तिथलेच फायदे-तोटे मांडतो.

७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे शिबिरांत नेली गेली. छातीचा फोटो निघताच संगणक तो वाचून क्षयाचा संशय किती, याचा ० ते १०० असा स्कोअर देतो. रेडिओलॉजिस्टची वाट पाहावी लागत नाही. हा लाभ मोठा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ४२.६ टक्के क्षयरुग्ण केवळ एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणे विचारली असती तर ते निसटले असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाळणीसाठी संगणकाच्या अशा वाचनाला मान्यता दिली. लहान मुलांसाठी ती नाही, हे शिबिर घेणाऱ्यांनी विसरू नये.

खरी अडचण पुढे येते. कितव्या स्कोअरपासून 'संशयित' धरायचे, तो कट-ऑफ माणूस ठरवतो. जोखमीच्या वस्तीत हजार जण तपासले, त्यांत दहा क्षयरुग्ण आहेत असे धरू. शंभरातले ९० रुग्ण पकडणारे आणि शंभर निरोग्यांपैकी ७० जणांना बरोबर वगळणारे सॉफ्टवेअर नऊ रुग्ण शोधेल, पण सोबत सुमारे ३०० निरोगी माणसांनाही थुंकी तपासायला पाठवेल. थुंकीतले क्षयाचे जंतू शोधणाऱ्या चार कप्प्यांच्या सीबीनॅट यंत्रावर एका फेरीला साधारण दोन तास लागतात, म्हणजे आठ तासांत १६ नमुने. एकाच शिबिराचे काम उरकायला १९-२० दिवस! हा भार हलका करायला कट-ऑफ वर सरकवला, तर खरे रुग्ण हातचे जातात.

पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्यांच्या फुप्फुसातले जुने व्रण आणि दगडखाणीतल्या धुळीने झालेला सिलिकोसिस यांमुळे स्कोअर उगाच चढतो. उलट एचआयव्ही असलेल्याचा एक्स-रे क्षय असूनही स्वच्छ दिसू शकतो, आणि मानेच्या गाठींचा किंवा मणक्याचा क्षय छातीच्या फोटोत शोधून सापडायचा नाही. फोटोही नीट हवा. मंगळसूत्र, ताईत, धातूची बटणे काढावीत, वेणी वर बांधावी. श्वास पूर्ण भरून रोखला नाही तर फुप्फुसांचा तळ पांढुरका दिसतो आणि आकडा फसवा येतो.

म्हणून जिल्हा क्षयरोग केंद्रांकडे आग्रहाची मागणी आहे. प्रत्येक शिबिराचा कट-ऑफ, सॉफ्टवेअरची आवृत्ती, किती जण संशयित ठरले, त्यांतल्या किती जणांची थुंकी प्रत्यक्ष तपासली आणि किती जणांना क्षय निघाला, हे आकडे जाहीर करावेत. आवृत्ती बदलली की जुना कट-ऑफ तसाच चालवू नये. स्थानिक रुग्णांच्या थुंकी तपासणीशी तो पुन्हा पडताळावा. थुंकीची डबी शिबिरातच हातात द्यावी, 'उद्या या' म्हणू नये. रोजंदारीवरचा माणूस उद्या येत नाही. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल किंवा वजन घटत असेल, तर स्कोअर कितीही कमी आला तरी थुंकी तपासलीच पाहिजे.

आपला,
एक क्ष-किरण तंत्रज्ञ