मोडायचं काम शिकायला जातेय

घाटकोपर, मुंबई

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई पाऊसपाण्याचं विचारते. म्हणून लिहूनच कळवते. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनची नोकरी मी स्वीकारली आहे.

बाबा, सगळे सौरऊर्जेकडे वळत असताना तू तेलाच्या धंद्यात कशाला शिरतेस, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मी तेल काढायला जात नाहीये. ज्या विहिरी संपल्या त्या सिमेंट भरून कायमच्या बुजवायच्या आणि समुद्रातले प्लॅटफॉर्म उतरवायचे, असं ते काम आहे.

आपल्या बॉम्बे हायचं उत्पादन 1976 साली सुरू झालं, तिकडच्या उत्तर समुद्रातल्या ब्रेंट तेलक्षेत्राचंही त्याच वर्षी. तिथल्या ब्रेंट डेल्टा प्लॅटफॉर्मचा वरचा सगळा डोलारा, सुमारे 24,000 टनांचा, 2017 मध्ये एकाच जहाजानं एका खेपेत उचलून किनाऱ्यावर नेला. काही अपवाद सोडले तर जुनी बांधकामं समुद्रातच टाकून द्यायला तिथे 1998 च्या निर्णयानुसार बंदी आहे. आपल्याकडेही ही वेळ येणारच. तेव्हा हे काम स्वतः केलेली माणसं इथे लागतील, आणि मला त्यांच्यातली एक व्हायचंय.

इथे ऑफिसात माझ्यासमोर जुन्या प्लॅटफॉर्मची ड्रॉइंग असतात. हातानं काढलेली, स्टेन्सिलची अक्षरं, कडेला कुणीतरी पेन्सिलीनं केलेली दुरुस्ती. परवा सर्व्हेच्या फोटोत एका डेकखाली पाइपांचा अख्खा जुडगा दिसला. ड्रॉइंगमध्ये त्याचा पत्ताच नाही. नंतर कधीतरी वेल्ड करून जोडलेला. असं वजन हिशेबात आलं नाही, तर उचलताना गुरुत्वमध्यच चुकतो. खुर्चीत बसून मी फोटो मोठा करून बघते, त्याहून जास्त काही करता येत नाही. मला त्या डेकवर उभं राहून मोजायचंय.

आई, तुझी भीती हेलिकॉप्टरची आणि समुद्राची. प्लॅटफॉर्मवर पाठवण्याआधी हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्टा बांधून बसवतात, तो सांगाडा तलावात उलटा करतात आणि खिडकीतून बाहेर यायला शिकवतात. ते जमल्याशिवाय पाठवत नाहीत. धोकाच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. 1988 मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन 167 माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढला होता, ते पुढच्या पाळीला कळलंच नाही आणि त्यांनी तोच पंप चालू केला. बाबा, वर्कशॉपमध्ये पाळी बदलताना तुम्ही समोरच्याला वही वाचून दाखवल्याशिवाय निघायचा नाहीत. घरी यायला उशीर झाला तरी चालेल म्हणायचात. त्या दुर्घटनेनंतर तिथे याच गोष्टीचे नियम फार कडक झाले. ते वाचताना मला तुमचीच आठवण येत होती.

पगारातून गुहागरच्या घराचं छप्पर होईल. ते आपण सावकाश बोलू.

एक मात्र मागते. ती लांब आहे, तिला कशाला घोर, असं म्हणून तब्येतीचं काही लपवू नका. उशिरा कळलं तर मला जास्त त्रास होईल.

गणपती आटोपले की दोघंही इकडे या. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी इथे असतानाच उरकू, डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. मागचे रिपोर्ट आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी न विसरता आणा. तारीख कळवा, म्हणजे कोकणकन्येची तिकिटं काढते.

तुमची,
लेक